अनुभवाची ठेव : जाणत्या हातांकडून नव्या हातांकडे

(वार्षिक सर्वसाधारण सभेनंतरच्या स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही वर्षभराच्या कामकाजाचा आढावा आणि जमाखर्चाचा तपशील आपल्यासमोर ठेवतो. तो या अहवालात यथास्थान छापलेला आहे. आज मात्र जिची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही, अशा एका ठेवीविषयी चार शब्द सांगण्याची अनुमती आम्ही आपणाकडे मागत आहोत. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे बोलणे पुन्हा पुन्हा जमाखर्चाकडे वळेल. त्याबद्दल आपण उदार मनाने सांभाळून घ्यावे, ही विनंती.

ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला इमारत दिसते, क्ष-किरण यंत्र दिसते, रुग्णवाहिका दिसते. घसारा वजा करून त्यांची किंमत दरवर्षी लिहिली जाते. परंतु आयुष्याची तीस वर्षे वॉर्डात घालवलेल्या इन्चार्ज सिस्टरांनी जे कमावले, त्याला कोणतेही खाते नाही. रुग्णाच्या चेहऱ्याचा उतरलेला रंग पाहून डॉक्टरांना केव्हा उठवावे, भांबावलेल्या नातेवाइकांशी कोणत्या शब्दांत बोलावे, अशक्त बालकाची शीर कोठे चाचपावी, हे सारे त्यांच्या हातात आणि नजरेत असते. निवृत्तीच्या दिवशी आपण त्यांना शाल-श्रीफळ देऊन निरोप देतो. भाषणे होतात, डोळे पाणावतात. सायंकाळी त्या फाटकाबाहेर पडतात, तेव्हा ही ठेवही त्यांच्याबरोबर बाहेर जाते. यंत्र बिघडले तर दुसरे आणता येते. ही ठेव बाजारात मिळत नाही. ती टिकवण्याचा मार्ग एकच आहे. ती आपल्यात आहे तोवर दुसऱ्याच्या हाती सोपवली गेली पाहिजे.

कामाच्या ठिकाणी अनुभवी व्यक्तीने नवख्या सहकाऱ्यास दीर्घकाळ सोबत करून घडवावे, या रीतीस आज उद्योगजगतात ‘मेंटॉरिंग’ म्हणतात. शब्द नवा असला, तरी गोष्ट आपल्या परिचयाची आहे. ‘अमुक साहेबांच्या हाताखाली शिकलो’ किंवा ‘त्यांच्या तालमीत तयार झालो’ असे आपण अभिमानाने सांगतो. आखाड्यात वस्ताद असतो. तो डाव सांगतो आणि चुकलेल्या पकडीवर हात ठेवून ती तेथल्या तेथे दुरुस्त करतो. पूर्वी इतवारीतल्या पेढीवर मुनीमजींच्या शेजारी बसून पोरगा रोजमेळ आणि खतावणी शिकत असे. सनदी लेखापालाच्या शिक्षणातही ही परंपरा कायद्याने सांभाळली गेली आहे. परीक्षा कितीही उत्तम दिली, तरी अनुभवी लेखापालाच्या हाताखाली उमेदवारी केल्यावाचून सभासदत्व मिळत नाही. ही उमेदवारी दीर्घकाळ तीन वर्षांची होती. २०२३ सालापासूनच्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली. कालावधी कमी झाला, पण ती अट काढून टाकावी असे कोणास वाटले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. प्रशिक्षण, देखरेख आणि ही सोबत, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रशिक्षणात माहिती दिली जाते आणि ते ठरावीक दिवसांत संपते. देखरेखीत काम नियमानुसार झाले की नाही, हे पाहिले जाते. सोबत करणारा ज्येष्ठ सहकारी मात्र शेजारी उभा राहतो, करून दाखवतो, मग करू देतो; आणि ज्याच्यापाशी ‘मला हे समजले नाही’ असे न भिता म्हणता येते, असा तो एक माणूस असतो. रुग्णालयात या शेवटच्या गोष्टीस फार मोल आहे. औषधाच्या मात्रेविषयी नव्या परिचारिकेच्या मनात शंका आली आणि रागावले जाईल या भीतीने तिने ती गिळली, तर त्याची किंमत रुग्णास मोजावी लागते. शंका विचारण्यास मोकळी जागा असणे, हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाच एक भाग आहे.

पाळी बदलताना वॉर्डात जे ‘ओव्हर’ दिले जाते, त्याचे उदाहरण घेऊ. केसपेपरवर ताप, नाडी, रक्तदाब, सलाईन यांची नोंद असते. ती वाचून दाखवली की नियमाप्रमाणे ओव्हर पूर्ण होते. परंतु जाणती सिस्टर त्यात आणखी एक वाक्य घालते : “सात नंबरच्या आजींचे आकडे ठीक आहेत, पण दुपारपासून त्या बोलत नाहीत, लक्ष ठेव.” हे वाक्य कोणत्याही छापील तक्त्यात बसत नाही. कोणती गोष्ट सांगण्याजोगी आहे, ही जाण ऐकून ऐकून येते. आणि ती यावी म्हणून नव्या परिचारिकेने काही महिने अशा सिस्टरच्या शेजारी उभे राहावे लागते.

दुसरे उदाहरण आमच्या कार्यालयातले. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण देयकाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. हा नियम नवीन लिपिक एका दुपारी वाचून समजून घेऊ शकतो. परंतु खिडकीशी आलेला माणूस आपली गरिबी चार लोकांदेखत सांगत नाही. मळलेल्या पिशवीतले कागद तो पुन्हा पुन्हा आत ढकलतो आणि “किती भरावे लागतील?” एवढेच विचारतो. त्याला बाजूला बसवून, पाणी देऊन, त्याचा मान राखून शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला कसा मागावा, हे परिपत्रकात लिहिलेले नसते. ते अनुभवी लिपिकाच्या शेजारच्या खुर्चीवर बसून शिकावे लागते. आपल्या देणग्यांचा लाभ ज्यांना मिळावा अशी आपली इच्छा आहे, त्यांच्यापर्यंत तो पोहोचतो की नाही, हे बऱ्याच अंशी या शिकण्यावर ठरते.

आपल्या नागपूर नगरीस तर या विषयाचा मोठा वारसा आहे. अकाली वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी त्या काळच्या सामाजिक बंधनांस न जुमानता परिचर्येचे शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्या साहाय्याने मातृसेवा संघाची स्थापना केली. चार खाटांच्या प्रसूतिगृहापासून सुरू झालेले ते कार्य पुढे विदर्भात ठिकठिकाणी पोहोचले. १९६१ साली भारत सरकारने कमलाताईंना पद्मश्री देऊन गौरविले. प्रसूतिगृहे वाढवायची, तर प्रसूतीचे काम निगुतीने करणारी माणसे आधी हवीत. म्हणून संस्थेने रुग्णसेवेबरोबर परिचारिका आणि प्रसूतिसेविका घडविण्याचे कामही हाती घेतले. १९५८ साली संघाने समाजकार्याचे महाविद्यालयही सुरू केले. चार खाटांचे घर आणि अनेक गावांतील सेवा यांमधले अंतर केवळ इमारतींनी भरून निघत नाही. एका पिढीने शिकवलेल्या दुसऱ्या पिढीने ते भरून काढले, असेच म्हणावे लागेल. संस्थापकांच्या पश्चातही संस्था चालते ती याच बळावर.

नागपूरहून पूर्वेकडे गडचिरोली जिल्ह्यात याचे दुसरे उदाहरण आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात एकोणचाळीस गावांत नवजात बालकांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग केला. गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. बाळाचे वजन घेणे, त्यास ऊब देणे, श्वास न घेणाऱ्या बाळास मदत करणे, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणे, ही कामे त्या करू लागल्या. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण बासष्ट टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा आकडा अनेकांना ठाऊक आहे. आम्हांस मात्र त्या प्रयोगाच्या रचनेतील एक बारकावा अधिक मोलाचा वाटतो. दर पंधरा दिवसांनी एक डॉक्टर प्रत्येक गावी जात असत. ते कार्यकर्तीच्या नोंदी तपासत, दुरुस्त करत, तिला समजावून सांगत. परंतु बाळावर उपचार मात्र स्वतः करत नसत.

या एका नियमात आमच्या विषयाचे सार आहे. औषधे, साधने आणि आधीचे प्रशिक्षण यांचा वाटा मोठा होताच; केवळ पंधरवड्याच्या भेटींनी ते यश आले, असे आमचे म्हणणे नाही. परंतु डॉक्टरांनी स्वतः उपचार केले असते, तर गावाचा विश्वास डॉक्टरांवर बसला असता आणि डॉक्टर परतताच गाव पुन्हा पोरके झाले असते. ज्याला येते त्याने हात मागे घ्यावा आणि ज्याला शिकायचे आहे त्याचा हात पुढे येऊ द्यावा, हे ऐकण्यास सोपे असले तरी प्रत्यक्षात अवघड आहे. आमच्या वॉर्डात आम्ही ते रोज पाहतो. कुशल सिस्टरला शीर दोन मिनिटांत सापडते. नवख्या मुलीस शोधू देणे तिच्या जिवावर येते. रुग्णास फार त्रास होऊ न देता कोठवर थांबावे आणि केव्हा हात पुढे करावा, हे ओळखणे हीच खरी मार्गदर्शकाची कसोटी.

गडचिरोलीचा तो अनुभव पुढे देशभर उपयोगी पडला. २०११ साली केंद्र शासनाने आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात काळजीचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात आशाताईंच्या पाठीशी गटप्रवर्तक असतात. गावी जाऊन त्यांच्या नोंदी पाहणे, त्यांना अडचणीत साथ देणे आणि वरच्या यंत्रणेशी जोडून ठेवणे, हे त्यांचे काम. शेजारच्या कर्नाटकात बळ्ळारी आणि गुलबर्गा जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत अनुभवी परिचारिकांना मार्गदर्शक म्हणून पाठवण्यात आले. त्या केंद्रावर जाऊन तेथल्या परिचारिकांबरोबर काम करत. ज्या केंद्रांना अशी सोबत मिळाली, तेथे प्रसूतीतील गुंतागुंत ओळखण्याची जाण आणि आणीबाणीची सिद्धता अधिक चांगली असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

या विषयाचा शास्त्रशुद्ध विचारही झालेला आहे. अमेरिकेतील मार्लीन क्रेमर यांनी १९७४ साली नवशिक्या परिचारिकांच्या एका अनुभवास ‘वास्तवाचा धक्का’ असे नाव दिले. महाविद्यालयात शिकलेली आदर्श परिचर्या आणि गर्दीने भरलेल्या वॉर्डातले प्रत्यक्ष काम यांतील दरी पाहून अनेकजणी खचतात आणि काहीजणी व्यवसायच सोडतात. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नवशिकी ते निष्णात अशा परिचारिकेच्या वाटचालीच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांचा निष्कर्ष असा, की वरच्या पायऱ्या पुस्तकाने चढता येत नाहीत. तेथे प्रत्यक्ष प्रसंग आणि त्यांवरील विचार हेच गुरू. कॅथी क्रॅम यांनी १९८५ साली दाखवून दिले, की मार्गदर्शक दोन प्रकारे उपयोगी पडतो : एक, कामात पुढे जाण्यास वाट दाखवतो, दोन, मनास आधार देतो. यातला दुसरा उपयोग आपण अनेकदा विसरतो. आपल्या देखरेखीखालील पहिला रुग्ण दगावतो, त्या रात्री नव्या परिचारिकेला व्याख्यान नको असते. जिने हे पूर्वी सोसले आहे, अशा कोणीतरी शेजारी बसून चहाचा कप पुढे करावा, एवढेच तिला हवे असते.

लाभाविषयी अवास्तव आशा बाळगू नये, हेही येथे सांगणे आमचे कर्तव्य आहे. २००४ साली टॅमी ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. मार्गदर्शक लाभलेल्यांना वेतन आणि बढती यांत मिळालेला फायदा अल्प होता; मात्र कामातील समाधान आणि आपल्या कार्याविषयीची निष्ठा यांवर झालेला परिणाम त्याहून ठळक होता. विश्वस्त संस्थेच्या दृष्टीने हा निष्कर्ष आशादायक आहे. मोठ्या खासगी रुग्णालयांइतके वेतन आम्ही देऊ शकत नाही, हे आपण जाणता. ‘येथे मला कोणीतरी घडवले’ ही भावना मात्र आम्ही देऊ शकतो.

घेणाऱ्याइतकाच देणाऱ्याचाही लाभ होतो. पंचवीस वर्षे तेच काम करणाऱ्या व्यक्तीस कधी ना कधी एकसुरीपणा जाणवतो. नवखी मुलगी जेव्हा “सिस्टर, हे असेच का करायचे?” असे विचारते, तेव्हा ज्येष्ठ परिचारिकेस आपल्या सवयीचे कारण शोधावे लागते. कधी कारण सापडते आणि काम अधिक डोळसपणे होते. कधी कारण उरलेलेच नसते आणि जुनी सवय सुटते. संगणकावरील नोंदींच्या बाबतीत तर शिक्षण उलट दिशेनेही वाहते : नव्या मुली ज्येष्ठांना शिकवतात, आणि त्यात कोणासही कमीपणा वाटत नाही. संस्थेचा लाभ असा, की एकाच व्यक्तीवर काम अडून राहत नाही, रजा आणि निवृत्ती यांचे भय उरत नाही. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ असे आपण म्हणतो. परंतु पुढच्याने ठेच कोठे लागली हे मागच्यास सांगितले, तरच मागचा शहाणा होतो.

२०२०-२१ च्या महासाथीत हे सर्वांनी अनुभवले. संरक्षक पोशाख चढवण्यापेक्षा तो उतरवताना संसर्गाचा धोका अधिक असतो. म्हणून हातमोजे, गाऊन, चष्मा, मुखपट्टी हा क्रम चुकू नये, यासाठी दुसऱ्याने समोर उभे राहून प्रत्येक पायरी पाहावी, अशी पद्धत रुग्णालयांनी अवलंबली. कामावर नुकत्याच आलेल्या मुलामुलींच्या समोर तेव्हा कोणी अनुभवी उभे होते. भिंतीवर लावलेला तक्ता सर्वत्र होता. पण “थांब, आधी हात स्वच्छ कर” असे वेळेवर म्हणणारा माणूस तक्त्याहून अधिक उपयोगी ठरला.

आता प्रश्न असा उद्भवतो, की हे सारे आपोआप होत असेल, तर त्याची वेगळी व्यवस्था कशास हवी? चांगल्या मनाचे ज्येष्ठ सहकारी नव्यांना सांभाळून घेतातच. हे खरे आहे. आणि मनाने जुळलेली अशी सोबत ठरवून दिलेल्या सोबतीहून पुष्कळदा अधिक फलदायी असते, असे अभ्यासकही सांगतात. परंतु आपोआप होणाऱ्या गोष्टीत एक उणीव असते. ज्येष्ठ व्यक्ती सहसा आपल्यासारख्याच कोणास तरी जवळ करते : आपल्या गावची, आपल्या बोलीची, चटकन बोलणारी. आमच्याकडे येणाऱ्या परिचारिका, वॉर्डबॉय आणि मावशी यांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया येथून, तसेच सीमेपलीकडील बालाघाट, छिंदवाडा भागातून आलेले अनेकजण असतात. कोणाची घरची बोली गोंडी, कोणाची हलबी. घरातून शिकून नोकरीस लागलेली पहिलीच मुलगी, वसतिगृहातली खोली आणि अनोळखी शहर, अशा स्थितीत ती स्वतःहून कोणाच्या शेजारी जाऊन उभी राहत नाही. ती गप्प राहते, आणि गप्प राहणारीस सर्व ठीक चालले आहे असे समजले जाते. जिला सोबतीची सर्वाधिक गरज, तिलाच ती मिळत नाही. म्हणून ही सोबत योगायोगावर सोडता येत नाही. नेमणूकपत्राबरोबरच ‘ही तुझी सोबतची सिस्टर’ असे नाव तिला मिळाले पाहिजे.

आमच्या रुग्णालयात ही व्यवस्था बसवताना काही पथ्ये आम्ही पाळत आहोत. पहिले, जी सिस्टर सोबत करते ती त्या मुलीचा वार्षिक गोपनीय अहवाल लिहीत नाही. कारण जो गुण देणार, त्याच्यापाशी अज्ञान कबूल करणे कठीण. दुसरे, दोघींचे जमत नसेल, तर कोणासही दोष न देता जोडी बदलली जाते. तिसरे, ज्येष्ठता म्हणजे शिकवण्याची पात्रता नव्हे. उत्तम काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस शिकवण्याचा धीर असतोच असे नाही, आणि चुकीच्या सवयीही हाताखाली शिकल्या जातात. म्हणून सोबतीची जबाबदारी ज्यांना सोपवायची, त्यांची निवड मेट्रन विचारपूर्वक करतात. चौथे, नवख्या व्यक्तीकडून वैयक्तिक कामे करून घेणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे, हे सर्वांस सांगितलेले आहे. ही व्यवस्था परिचारिकांपुरती नाही. देयक विभागातील लिपिक, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि स्ट्रेचर ढकलणारे कर्मचारी यांनाही ती लागू आहे. कारण मणक्याला मार लागलेल्या रुग्णास उचलण्याचे कौशल्य हे कौशल्यच आहे, आणि तेही कोणीतरी शिकवावे लागते.

विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एक रास्त प्रश्न विचारला गेला. आपण शिकवून तयार करायचे आणि त्यांनी शासकीय नोकरीत, मोठ्या शहरात किंवा परदेशात निघून जायचे, तर हा खर्च कोणासाठी? या प्रश्नास बगल देणे योग्य नाही. काहीजणी जातील, आणि त्यांनी जावे. त्यांच्या घरच्या परिस्थितीस ते आवश्यकच असते. परंतु न शिकवल्याने जाणे थांबत नाही. उलट, पहिल्या काही महिन्यांत एकट्या पडलेल्या मुली लवकर जातात. शिवाय न शिकलेली परिचारिका आपल्याकडेच राहिली, तर तो तोटा अधिक मोठा. आणि आणखी एक विचार. आपली संस्था नफ्यासाठी स्थापन झालेली नाही. येथे घडलेली परिचारिका उद्या अहेरीच्या किंवा धारणीच्या रुग्णालयात रुजू झाली आणि तेथे तिने एखाद्या बाळंतिणीचा जीव वाचवला, तर त्या सेवेची जमा आपल्या खात्यात दिसणार नाही, पण ट्रस्टच्या उद्दिष्टांत ती नक्कीच बसते. खासगी कंपनीस जो खर्च वाया गेलेला वाटेल, तो धर्मादाय संस्थेच्या दृष्टीने दानच आहे.

मात्र खर्च आहे, हे मान्य केले पाहिजे. नवीन परिचारिका आणि सोबतची सिस्टर एका वेळी वॉर्डात असतात, तेव्हा त्यांची गणना दोन पूर्ण हात अशी करता येत नाही. सिस्टरला आठवड्यातून काही तास रुग्णांच्या कामातून मोकळे ठेवायचे, तर ते काम करण्यास आणखी कोणीतरी हवे. हा वेळ पाळ्यांच्या तक्त्यात अधिकृतपणे लिहिला गेला नाही, तर तो मिळतच नाही. आणि मग मार्गदर्शन हे केवळ फलकावरचे सुभाषित होऊन राहते. ज्येष्ठांच्या चांगुलपणावर विसंबून त्यांच्याकडून दुप्पट काम करून घेणे न्यायाचे नाही. म्हणून येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र शीर्ष ठेवावे, सोबत करणाऱ्यांना तक्त्यातला वेळ आणि अल्पसे मानधन द्यावे, आणि निवृत्त झालेल्या ज्या सिस्टर आणि तंत्रज्ञ इच्छुक असतील त्यांना आठवड्यातून काही दिवस सन्मानाने पाचारण करावे, असा प्रस्ताव आम्ही मंडळापुढे ठेवलेला आहे.

देणगीदार बंधू-भगिनींना आमची एक नम्र विनंती आहे. खाटेवर, यंत्रावर, खोलीच्या दारावर दात्याच्या आईवडिलांच्या नावाची पाटी लागते, आणि ती लागावी हे योग्यच आहे. त्यामागे कृतज्ञता असते. परंतु एका मनुष्याने दुसऱ्यास दिलेल्या वेळेवर पाटी लावता येत नाही. या कामास दिलेली देणगी कोणास दाखवता येणार नाही. तरीही, आपण दिलेले यंत्र चालवणारा हात तयार नसेल, तर ते यंत्र आच्छादन घालून कोपऱ्यात उभे राहते. यंत्रासाठी देताना त्यातील थोडा भाग त्या हातांसाठीही राखून ठेवावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.

रुग्णांच्या आप्तस्वकीयांसही दोन शब्द. आपल्या माणसाच्या खाटेपाशी कधी दोन परिचारिका उभ्या दिसतील. एक काम करत असेल आणि दुसरी केवळ पाहत असेल. सलाईन लावण्यास थोडा अधिक वेळ लागेल. अशा वेळी आपली अधीरता आम्ही समजू शकतो. वेदना आपल्या माणसाची असते. परंतु जी पाहत उभी आहे ती मोकळी नाही, ती राखण करत आहे. आपण तेव्हा दाखवलेला संयम हीसुद्धा या रुग्णालयास दिलेली देणगी आहे, असे आम्ही मानतो. आणि काही खटकले, तर सोबतच्या सिस्टरला अथवा मेट्रनला निःसंकोच सांगावे. आपल्या सूचनेतूनही नव्या मुली शिकतात.

सरतेशेवटी, ज्या ज्येष्ठ सिस्टर, लिपिक, तंत्रज्ञ, मामा आणि मावशी यांनी कोणत्याही मानधनाची वाट न पाहता वर्षानुवर्षे आपली विद्या पुढच्यांच्या हाती दिली, त्यांच्या ऋणाचा उल्लेख या अहवालाच्या कोणत्याही तक्त्यात नाही. म्हणून तो आम्ही येथे आदरपूर्वक करतो. त्यांनी जे दिले ते देताना त्यांच्याकडचे काही उणे झाले नाही, आणि संस्थेकडे मात्र भर पडली. जमाखर्चाच्या शास्त्रात असे उदाहरण विरळाच.